पळीवरचा नाग कुणी खाल्ला?

आधी चहा संपवा, मग सांगते. मधे हसलात तर चहा नाकात जातो, हे आमच्या शकूआत्यांनी सिद्ध केलेलं आहे. आणि एक अट आहे. निदान अर्ध्यापर्यंत तरी माझ्या बाजूने राहायचं. कारण त्या मंगळवारी मला जो राग आला होता ना, तो अगदी अस्सल राग होता. फक्त पत्ता चुकला.

मी तशी कमी बोलते. लग्न होऊन पाच महिने झाले. नारायण पेठेतल्या या घरात आल्यावर पहिल्या महिन्यात सासऱ्यांनी निनादला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाजूला घेऊन विचारलं होतं, "हिला बोलता येतं ना रे?" अहो, येतं! पण या घरात दोन वाक्यांच्या मधे शिरायला जागा तर मिळाली पाहिजे!

त्यात माझी नोकरी. पुण्याबाहेर मांजरी गावात, उसाच्या शेतांना लागून एका शेडमध्ये आमची छोटी कंपनी आहे. जुने मोबाइल, कंप्युटरच्या मेलेल्या हिरव्या पाट्या, असला कचरा आमच्याकडे येतो. त्याचा चुरा करून आम्ही तो एका खास जंतूंच्या पाण्यात सोडतो. हे जंतू पाण्यातल्या लोखंडावर जगतात आणि त्यांच्यामुळे ते पाणी असं काही होतं, की पाटीतलं तांबं हळूहळू विरघळून त्यात उतरतं. मग ते बाहेर काढायचं. भट्टी नको, धूर नको. खाणीतल्या ज्या दगडात तांबं नावापुरतंच असतं, त्यातूनही जगात असंच काढतात.

आता सांगा, यात हसण्यासारखं काय आहे? काहीच नाही! पण आमच्याकडे कुणी आलं आणि "सूनबाई काय करतात?" असं विचारलं, की सासरे पेपरातून डोकं न काढता सांगायचे, "भंगारात असते."

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सगळा जन्म सरकारी कचेरीत फायलींवर शेरे मारले. निवृत्त झाल्यावर फायली गेल्या, शेरे राहिले. मी रोज सकाळी डबा घेऊन निघाले की दारातून आवाज यायचा, "आज किती तोळे?"

"बाबा, सोनं नाही, सध्या तांबं."

"बरं, तांबं. किती तोळे?"

आणि आई, म्हणजे सासूबाई, संध्याकाळी मला उंबऱ्यावरच अडवायच्या. "हात धुतलेस?" धुतले. "साबणाने?" साबणाने. "त्या जंतूंना हात लावल्यानंतर धुतलेस, की आधी?" एमएस्सी झालेय हो मी! सूक्ष्मजीवशास्त्रात! हात कधी धुवायचे हे मला विद्यापीठाने शिकवलंय. पण हे मी मनात म्हणायचे. माझं निम्मं आयुष्य मनातच चालतं.

तर श्रावणातला शनिवार. शेडबाहेरचा ट्रान्सफॉर्मर धाडकन गेला. बुधवारशिवाय वीज नाही. आणि आमच्या जंतूंना चोवीस तास हवा लागते, बुडबुड्यांनी. सर घामाघूम. त्यांनी दोन लिटरचा एक कॅन माझ्या हातात दिला. त्यात आमचं मूळ विरजण होतं. विरजणच म्हणते, म्हणजे लगेच कळेल. पाटीतल्या विषारी गोष्टी सोसायची सवय त्या जंतूंना लावायला आम्हाला आठ महिने लागले होते.

"मुग्धा, हे तू घरी ने. तू शांत मुलगी आहेस. बुधवारी ती पार्टी बघायला येणार आहे. त्यांना तांबं निघताना दिसलं, तर त्यांचा सगळा माल आपल्याला. हे मेलं तर आठ महिने गेले. आणि बहुतेक आपणही गेलो."

मी मान हलवली. एवढी जबाबदारी मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. लग्नातही नाही.

आता अडचण बघा. येत्या मंगळवारी माझी पहिली मंगळागौर! घरात पूजेची तयारी, चार नव्या लग्न झालेल्या मुली वसोळ्या म्हणून येणार, शकूआत्या खास वारज्याहून मुक्कामाला येणार. अशा घरात मी दारात उभी राहून सांगू, की आई, दोन लिटर जंतू आणलेत, कुठे ठेवू?

मग मी डोकं चालवलं. आईंच्या फडताळात दोन सारख्या चिनी मातीच्या बरण्या आहेत, तपकिरी गळ्याच्या. एकीत त्यांनी पूजेची तांब्याची भांडी उजळायला चिंचेचं पाणी करून मागच्या गॅलरीत ठेवलं होतं. दुसरी रिकामी होती. चिनी मातीला आंबटाचं काही होत नाही, हे शास्त्र आहे. मी विरजण त्या रिकाम्या बरणीत ओतलं, तोंडाला फडकं बांधलं, आणि निनादचा माशांच्या टाकीचा जुना पंप लावून त्याची नळी फडक्याखालून आत सोडली. मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या आडोशाला गुडगुड गुडगुड सुरू.

"हे काय?" आईंनी विचारलंच.

"ऑफिसचं आहे. हात लावू नका, प्लीज."

"पण आहे काय?"

"... पाणी."

खोटं नव्हतं ते! अपूर्ण होतं.

रविवारी शकूआत्या आल्या. या बाबांच्या थोरल्या बहीण, आवाज खणखणीत. त्या यायच्या आधी आई म्हणाल्या, "मुग्धा, गॅलरी धुऊन घे गं. आणि माझी चिंचेची बरणी तिथेच राहिलीय, ती ओट्याखाली ठेव." मी दोन्ही बरण्या न्हाणीघरात हलवल्या, नळी काढून गुंडाळली, गॅलरी घासून धुतली, दोन्ही बरण्या बाहेरून पुसल्या, एक ओट्याखाली ठेवली, एक गॅलरीत. पंप परत लावला. मी किती व्यवस्थित आहे हे तुमच्या लक्षात यावं म्हणून हे सांगतेय.

शिवाय मी तपासणी केली. आम्लता बघायची कागदाची पट्टी बरणीत बुडवली. लालसर केशरी! अगदी हवी तेवढी आंबट. जीव भांड्यात पडला. मग त्यांना खुराक म्हणून थोडा हिराकस घातला. हिराकस म्हणजे लोखंडाचं मीठ, माझ्या जंतूंचं आवडतं जेवण.

सोमवारी सकाळी फडकं सोडून बघते, तर पाणी काळं! काळंकुट्ट! वर पांढरा तवंग, फेस आणि एक विचित्र कुबट वास. माझे जंतू तांबूस असतात हो, गंजासारखे! मी सरांना फोन लावला.

"काळं? काळं कसं होईल? कुणी काही टाकलं का त्यात?"

"नाही सर."

"हवा वाढव. आणि शांत राहा."

मी हवा वाढवली. बरणी फसफसली. हिराकस आणखी घातला. पाणी आणखी काळं! घरात सगळे मेंदीचे कोन घेऊन बसलेले आणि मी गॅलरीत उकिडवी, त्या बरणीला मनातल्या मनात "मरू नका रे, मरू नका" म्हणत.

आणि मग माझ्या डोक्यात तो प्रश्न शिरला. कुणी काही टाकलं का?

आता तुम्हीच सांगा, संशय कुणावर जाईल? जिला जंतू या शब्दाने शहारे येतात, जी दिवसातून दहा वेळा गॅलरीत जाते, तिच्यावरच ना? मी एक वाक्य बोलले होते, "हात लावू नका." या घरात माझं एक वाक्य, एकच, ऐकलं जाऊ नये? रात्री निनादला म्हटलं तर तो म्हणतो, "अगं, आई कशाला हात लावेल? तिला किळस येते." किळस येते म्हणूनच तर! फिनाईल टाकलं असणार!

मंगळवारी पूजेला बसले. राग गिळून बसले. समोर सगळी तांब्याची भांडी मांडलेली, आणि काय सांगू, अशी लखलखीत मी कधी पाहिली नव्हती. नव्या कोऱ्या पैशासारखी गुलाबी. बाबासुद्धा म्हणाले, "आज पहिल्यांदा कळलं, हा तांब्या तांब्याचा आहे." पळी हातात घेतली तर हलकी लागली. तिच्या टोकाला नागाचा फणा असतो, तो बोटांना लागेना. आईंच्या स्वतःच्या मंगळागौरीत त्यांच्या आईने दिलेली ती पळी. पण माझं लक्ष कुठे होतं? माझं लक्ष गॅलरीत.

मग जेवण. आमच्याकडे मंगळागौरीच्या वसोळ्या मुक्याने जेवतात. पहिल्या घासापासून शेवटी तुळशीचं पान खाईपर्यंत एक शब्द नाही. सगळे म्हणत होते, मुग्धाला काय कठीण? मलाही तसंच वाटलं होतं. आम्ही पाचजणी पाटांवर, आई आणि शकूआत्या वाढायला.

आणि वाढता वाढता शकूआत्या म्हणाल्या, "वहिनी, भांडी काय निघालीत गं! कशाने घासलीस?"

"घासली कुठे? नुसती रात्रभर बुडवून ठेवली बरणीत. तांब्या, पळी, ताम्हन, सगळं एकेक करून, आणि सकाळी घाईघाईत विसळून मांडली. काय पाणी झालंय म्हणून सांगू! असं कधी झालं नव्हतं."

माझा घास तोंडातच राहिला. बुडवून ठेवली! बरणीत! माझ्या बरणीत! म्हणून काळं झालं! वर्षानुवर्षांची तेलं, कुंकू, कापराची काजळी, सगळं माझ्या आठ महिन्यांच्या विरजणात! आणि वर माझ्याच पाटासमोर उभं राहून कौतुक!

आणि मला बोलायचं नाही. अहो, पाच महिन्यांत पहिल्यांदा मला बोलायचं होतं आणि नेमकी बंदी!

मी हात हलवला. आईंनी पुरणपोळी वाढली. मी मान जोरात हलवली. त्यांनी वर तूप ओतलं. मी दोन्ही हातांनी हवेत बरणीचा आकार काढून दाखवला.

"लोणचं हवंय तिला," शकूआत्या म्हणाल्या. लोणचं आलं.

मी गॅलरीकडे बोट दाखवलं.

"ऊन लागतंय का गं? पडदा ओढते हं."

मी कपाळाला हात लावला.

"डोकं दुखतंय वाटतं. उपासाचं पित्त. वहिनी, मठ्ठा वाढ हिला."

मठ्ठा! मी चार पुरणपोळ्या खाल्ल्या त्या दिवशी. चारही रागाने. शेजारची वसोळी माझ्याकडे बघून पदरात हसत होती. तिलाही बोलता येत नव्हतं म्हणून, नाहीतर तीही काहीतरी वाढ म्हणाली असती.

शेवटी एकदाचं तुळशीचं पान मिळालं. ते चावलं, गिळलं आणि मी उभी राहिले.

"आई, तुम्ही माझ्या बरणीत भांडी बुडवलीत?"

बाबांनी पेपर खाली केला. हे मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

"एक गोष्ट सांगितली होती मी. एकच! हात लावू नका. आठ महिने आम्ही ते जंतू सांभाळले, उद्या लोक बघायला येणार, आणि तुम्ही त्यात पळ्या बुडवता? माझं काम म्हणजे भंगार, माझे जंतू म्हणजे घाण, पण भांडी उजळायला मात्र चालतात! तुमच्या लोणच्याच्या बरणीत मी कधी मोबाइल बुडवलाय?"

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा फार जबरदस्त वाटलं होतं.

आईंच्या हातातलं तुपाचं भांडं तसंच राहिलं. "जंतू?" त्या हळूच म्हणाल्या. "त्या बरणीत जंतू आहेत? तू तर पाणी म्हणालीस."

"पाण्यातच असतात ते!"

"मी तुझ्या बरणीला बोटसुद्धा लावलेलं नाही, मुग्धा. मी माझी चिंच वापरली. ओट्याखालची."

"मग माझं पाणी काळं कसं झालं? चला, दाखवते!"

आणि मी पुढे, मागे आई, शकूआत्या, चार वसोळ्या आणि शेवटी चष्मा शोधत बाबा, अशी सगळी वरात गॅलरीत नेली. स्वतःच्या पायांनी नेली! फडकं सोडलं. "बघा!"

आईंनी वाकून वास घेतला. एकदा. दोनदा. मग आतून पळा मागवला, तळाशी फिरवला आणि वर काढला. पळ्यात काळं पाणी, आणि काळ्या पाण्यात टपोरा, चकचकीत चिंचोका.

पंपाची गुडगुड तेवढी चालू.

"जंतूंना चिंचोके कधीपासून व्हायला लागले?" बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "पण... पट्टीवर आम्ल आलं होतं."

"चिंच आहे ती," आई म्हणाल्या. "आंबटच असणार."

"पण काळं..."

"काय घातलंस त्यात?" बाबांनी विचारलं.

"हिराकस."

"मग शाई झाली. आमच्या आजोबांच्या वेळी हिरडा आणि हिराकस घालून अशीच करायचे. दौत आणू?"

शकूआत्यांच्या हातात चहाचा कप होता. त्यातला चहा नाकात गेला, तो इथे.

तीन दिवस! तीन दिवस मी सासूबाईंच्या चिंचेला बुडबुडे दिले हो! पहाटे उठून तिची विचारपूस केली, तिला खाऊ घातलं, तिच्यासाठी मेंदी अर्धवट सोडली. आणि रविवारी गॅलरी धुऊन बरण्या परत ठेवताना अदलाबदल कुणी केली? फिनाईलवाल्या सासूने? नाही. व्यवस्थित सुनेने.

मग एकदम आठवलं. माझे जंतू! मी स्वयंपाकघराकडे धावले. ओट्याखालची बरणी ओढून फडकं काढलं. आत पाणी मोरपिशी. इतकं सुंदर निळं-हिरवं, की आमच्या शेडमध्ये असा रंग आला तर पेढे वाटतात. पाण्यात तांबं उतरलं होतं. भरपूर. आणि ते कुठून उतरलं होतं, हे कळायला एमएस्सी लागत नव्हती.

बाबा देवघरातून पळी घेऊन आले. नागाचा फणा गेलेला. होता तिथे एक गुळगुळीत बुंधा. त्यांनी ती उजेडात धरली.

"बिनविषारी झाला."

यावर कुणी हसलं नाही. कारण आई पळीकडे बघत होत्या. त्यांनी ती हातात घेतली, टोकावरून अंगठा फिरवला. त्यांच्या आईची पळी. मला वाटलं, आता मी पुन्हा मुकी होते, या वेळी कायमची. नुसतं आंबट पाणीच आहे ते, चुरा त्यात घातलेला नव्हता, भांडी तुम्ही धुतलीच होती, असलं काहीबाही मी पुटपुटले. माफी मागायची सोडून अहवाल देत होते.

आईंनी पळी खाली ठेवली आणि विचारलं, "जिवंत आहेत का ते?"

"कोण?"

"तुझे ते. दोन दिवस हवा नाही मिळाली त्यांना. मी फडकं घट्ट बांधलं होतं गं."

आता सांगा. ज्या बाईला मी चार पोरींसमोर गुन्हेगार ठरवलं, ती माझ्या जंतूंना धाप लागली असेल का विचारत होती! मी तिथेच ओट्याशी बसून रडले. चार पुरणपोळ्यांवर रडणं सोपं नसतं.

पंप आईंनीच आणून लावला. त्या रात्री जागरणाच्या फुगड्या झाल्या, आणि मधूनमधून कुणीतरी बरणीत डोकावून यायचं, "गुडगुडताहेत गं!"

बुधवारी बरणी मांडीवर घेऊन मांजरी गाठली. सरांनी फडकं सोडलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. "अगं, हा रंग! जिवंत आहेत, आणि एवढं तांबं! काय खायला घातलंस?"

पार्टी आली. सरांनी त्या पाण्यात एक साधा लोखंडी खिळा सोडला. बघता बघता खिळ्यावर लाल तांबं चढलं. पार्टी खूश. माल आमचा झाला. मग सरांनी नोंदवही पुढे केली. "खाद्य" या रकान्यात काय द्यायला लागलं ते लिहायचं असतं. मी बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी खरं ते लिहिलं: "पळी, एक. फणा पूर्ण, दांडा अंशतः."

पाण्यातलं सगळं तांबं मी खिळ्यांवर उतरवलं, खरवडलं, धुतलं, वाळवलं आणि कुंकवाच्या डबीत घालून घरी आणलं. आईंच्या हातात दिलं. "आई, तुमचा नाग."

बाबांनी डबी घेतली आणि शेजारच्या सराफाकडे जाऊन चक्क वजन करून आणली. दारातूनच आवाज आला.

"पाच महिने विचारतोय, किती तोळे. आज आला एक तोळा. तोही घरचाच."

डबी आता देवघरात असते, बिनफण्याच्या पळीशेजारी. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने दाखवतात, "आमच्या मुग्धाने काढलंय हं, पाण्यातून." कशातून गेलं होतं, ते सांगत नाहीत. ते बाबा सांगतात.

आणि फडताळातल्या दोन्ही बरण्यांवर आता आईंच्या अक्षरात चिठ्ठ्या आहेत. एकीवर लिहिलंय, "मुग्धाचे जंतू. भांडी बुडवू नयेत." दुसरीवर, जरा मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा ओढून:

"चिंच. हिला हवा घालू नये."